थडगी बांधणाऱ्यांची साक्ष

शास्त्रपाठ : लूक ११:४७-५१, रोमकरांस पत्र १२:१३-१४



कावेरी समुद्राला मिळण्यापूर्वी स्वतःला इतक्या फाट्यांत आणि कालव्यांत वाटून देते की, भाताच्या खाचरांमधून जाणाऱ्या परक्या माणसाला मूळ नदी कोणती हे सांगता येत नाही. काही वर्षांपूर्वी भाषांतराच्या कामानिमित्त मी त्या भागात गेलो होतो. तंजावर पाहिले, तरंगंबाडीस गेलो, आणि परतीच्या वाटेवर माझे तमिळ सहकारी मला एका लहानशा गावी आपल्या परिचितांकडे घेऊन गेले. गावाचे नाव सांगण्याची गरज नाही; त्या त्रिभुज प्रदेशात तशी गावे पुष्कळ आहेत. एकाच रस्त्यावर लुथरन मंडळीचे उपासनामंदिर, आणि तेथून हाकेच्या अंतरावर कॅथलिक चर्च.

आमचे यजमान लुथरन मंडळीतील वयोवृद्ध निवृत्त शिक्षक होते. त्यांनी मला राजनायकन याची कथा सांगितली. हा तंजावरच्या राजाच्या सैन्यातील शिपाई, कॅथलिक कुटुंबात वाढलेला. झीगेनबाल्ग याने तमिळमध्ये केलेला नवा करार तरंगंबाडीच्या छापखान्यातून १७१५पर्यंत छापून बाहेर पडला होता. त्यातील पुस्तक या शिपायाच्या हाती आले, त्याने ते वाचले आणि १७२०च्या दशकात तो तरंगंबाडीच्या मिशनकडे वळला. पुढे त्याने अनेक वर्षे तंजावरच्या मुलखात उपदेशकाचे काम केले. या पक्षांतरामुळे त्याला आणि त्याच्या घरच्यांना पूर्वीच्या धर्मबांधवांकडून फार सोसावे लागले. यजमान ही कथा अशा रीतीने सांगत होते की, जणू ती काल घडली असावी.

इतक्यात शेजारचे एक कॅथलिक गृहस्थ कॉफीला आले. त्यांनी ती कथा शांतपणे ऐकून घेतली आणि मग आपली सांगितली. १७०१ साली तंजावरच्या राजाने ख्रिस्ती लोकांचा छळ मांडला, चर्चे पाडली, माणसे कैदेत टाकली. कार्व्हाल्यो नावाचे एक जेझुइट धर्मगुरू तंजावरच्या तुरुंगातच मरण पावले. आमचे यजमान इतकी वर्षे शेजारी राहत होते, पण कार्व्हाल्यो हे नाव त्यांनी कधी ऐकले नव्हते. आणि त्या कॅथलिक गृहस्थांनाही राजनायकनची कथा आज प्रथमच, माझ्यासारख्या पाहुण्याच्या निमित्ताने, पुरती ऐकायला मिळाली होती.

मी सहज विचारले, "तो राजा कोण?"

त्यांनी माझ्याकडे पाहून हसत तमिळमध्ये काही म्हटले. माझे सहकारी क्षणभर थांबले. भाषांतरकाराचे असे थांबणे मला चांगले कळते. वाक्य समजलेले असते, पण ते पोचवावे की नाही हे ठरत नसते. अखेर त्यांनी सांगितले, "ते म्हणतात, राजा मराठा होता. तुमचाच."

वाचकहो, त्या एका क्षणात माझ्या मनात काय काय उभे राहिले ते मी प्रामाणिकपणे सांगतो. शहाजी राजे तर विद्येचे मोठे आश्रयदाते. त्या काळी सगळेच राजे तसे वागत. त्यामागे राजकारण असणार, किनाऱ्यावरच्या परकीयांचा संशय असणार. शिवाय ही हकीकत आपल्याला जेझुइटांच्या पत्रांतून कळते, म्हणजे एकाच बाजूची. आणि शेवटी, मी ख्रिस्ती आहे. त्या राजाचा आणि माझा संबंध काय? यांतील काही गोष्टी खऱ्याही असतील. पण एकही शब्द तोंडातून बाहेर पडण्यापूर्वी माझ्या ध्यानात आले की ही उत्तरे मी पूर्वी ऐकलेली आहेत. किंबहुना, मी स्वतः ती दिलेली आहेत. गोव्याच्या इन्क्विझिशनविषयी कोणी विचारले की आपण ख्रिस्ती लोक हीच उत्तरे देतो. केवळ नावे तेवढी बदलतात.

हा प्रश्न आपल्यापैकी कोणाला विचारला गेलेला नाही? कार्यालयात, महाविद्यालयात, लग्नाच्या पंक्तीत, कधी खऱ्या जिज्ञासेने तर कधी डिवचण्यासाठी, "गोव्यात तुमच्या लोकांनी काय केले?" असे विचारले जाते. तेव्हा कॅथलिक वाचक अस्वस्थ होतो. आणि प्रॉटेस्टंट वाचक मनातल्या मनात म्हणतो, ते आम्ही नव्हे. या दोन्ही प्रतिक्रियांविषयी आज मला आपल्याशी बोलायचे आहे.

प्रथम जे घडले ते सरळ पाहू. संत फ्रान्सिस झेविअर यांनी १५४६ साली पोर्तुगालच्या राजाला पत्र लिहून हिंदुस्थानात इन्क्विझिशन असावे अशी मागणी केली. १५५२मध्ये ते वारले, आणि १५६०मध्ये हे न्यायालय गोव्यात स्थापन झाले. मध्यंतरी १७७४ ते १७७८ अशी चार वर्षे ते बंद होते. कायमचे बंद झाले ते १८१२ साली. आफ्रिकेच्या दक्षिण टोकापासून पूर्वेकडील साऱ्या पोर्तुगीज वसाहती त्याच्या अधिकाराखाली होत्या. कावेरीच्या मुखाजवळचे नागपट्टणम् १६५८पर्यंत पोर्तुगीजांकडे होते, म्हणजे ज्या गावात आम्ही कॉफी पीत बसलो होतो तेथून ही सावली फार दूर नव्हती. १६४९ साली मद्रासचे फ्रेंच कापुचिन धर्मगुरू एफ्राइम यांना सान थोम येथे पकडून गोव्यास नेण्यात आले. ते कॅथलिक होते, धर्मगुरू होते, आणि तरीही!

बाप्तिस्मा घेतल्यावर जुने आचार पाळणारे, मूळचे यहुदी असलेले, आणि ज्यांनी बाप्तिस्मा घेतलाच नव्हता असेही काही लोक, धर्मांतरात अडथळा आणल्याच्या आरोपावरून, या न्यायालयापुढे उभे केले गेले. बहुसंख्यांना मृत्युदंड नव्हे तर कैद, फटके, गलबतावरची सक्तमजुरी, मालमत्तेची जप्ती आणि जाहीर मानहानी अशा शिक्षा झाल्या. काहींना जाळण्यात आले. १७३६च्या हुकूमनाम्याने अंगणातल्या तुळशीपासून मीठ न घालता शिजवलेल्या भातापर्यंत घरगुती चालीरीतींवर बंदी आली. गोव्याचे लोक त्या वाड्याला 'व्हडलें घर' म्हणत. नाव साधेच, पण ते उच्चारताना आवाज खाली येत असला पाहिजे.

येथे अभ्यासक एक भेद करतात, आणि तो बरोबर आहे. देवळे पाडण्याचे हुकूम पोर्तुगीज राज्यकर्त्यांचे होते. १६८४मध्ये तीन वर्षांत देशी भाषा सोडून द्या असे फर्मावले तेही व्हाइसरॉयने. मंगेशीचा देव कुशस्थळीहून प्रियोळला आणि शांतादुर्गा केळशीहून कवळ्याला न्यावी लागली, त्याला एकटे इन्क्विझिशन कारण नव्हते. इतिहासाच्या वर्गात हा भेद केलाच पाहिजे. परंतु ज्या कुटुंबाने रात्रीच्या अंधारात आपला देव नदीपलीकडे नेला, त्याच्या वंशजाला "तो हुकूम चर्चचा नव्हता, सरकारचा होता" असे सांगणे हे उत्तर आहे काय?

मला येथे त्या न्यायालयाच्या भाषेविषयी थोडे सांगावेसे वाटते. शब्द तोलत बसणे हा माझा व्यवसायच आहे. न्यायालयाचे नाव 'सांतु ऑफिसियु', म्हणजे पवित्र कार्य. शिक्षा जाहीर करण्याच्या समारंभाचे नाव 'आउतु दा फे', म्हणजे विश्वासाचे कृत्य. आणि ज्याला जाळायचे त्याच्याविषयीचा शब्द सर्वांत विलक्षण आहे. धर्मन्यायालय कोणाला जाळीत नसे. ते त्या माणसाला दयेची विनंती जोडून राजसत्तेच्या हाती 'सोडून' देत असे. अग्नी सरकारी असे. आता शुभवर्तमानांतील दुःखसहनाचा वृत्तांत उघडा. तेथे एक ग्रीक क्रियापद पुन्हा पुन्हा येते, 'पारादिदोमी', हवाली करणे. यहूदा येशूला याजकांच्या हवाली करतो, याजक पिलाताच्या हवाली करतात, पिलात वधस्तंभासाठी हवाली करतो. आम्हांला कोणाला ठार मारण्याचा अधिकार नाही असे याजक म्हणतात (योहान १८:३१), आणि ते कायद्याने अगदी खरे असते. प्रत्येकाचे हात स्वच्छ, आणि तरी प्रभू क्रुसावर!

हे सारे जगाला कळले कसे? शार्ल देलों नावाच्या फ्रेंच वैद्याला १६७३मध्ये दमण येथे अटक झाली. बाप्तिस्मा, मूर्तींची पूजा आणि खुद्द इन्क्विझिशन यांविषयी तो मोकळेपणे बोलला होता. गोव्यातील एकान्तवासात त्याने जीव देण्याचाही प्रयत्न केला. १२ जानेवारी १६७६ रोजी त्याला इतर कैद्यांसह मिरवणुकीने संत फ्रान्सिसच्या चर्चमध्ये नेण्यात आले. तेथे प्रवचन झाले. प्रवचनकाराने इन्क्विझिशनची तुलना नोहाच्या तारवाशी केली, आणि पुढे म्हटले की तारवातून पशू जसे आत गेले तसेच बाहेर आले, येथे मात्र लांडगे आत येतात आणि कोकरे होऊन बाहेर पडतात. मीही व्यासपीठावर उभा राहतो, मलाही चपखल दृष्टान्त सुचला की आनंद होतो. म्हणून ही हकीकत मला तुरुंगाच्या वर्णनापेक्षा अधिक भयंकर वाटते. तो प्रवचनकार क्रूर नसेल. त्याला आपण देवाची सेवा करीत आहोत असेच वाटत असेल. प्रभूने शिष्यांना नेमके हेच सांगून ठेवले होते (योहान १६:२) की तुम्हांला ठार मारणारा आपण देवाला उपासना अर्पण करीत आहोत असे समजेल, अशी वेळ येत आहे. आपण ते वचन नेहमी मार खाणाऱ्याच्या जागी उभे राहून वाचतो.

देलोंने १६८७मध्ये आपला वृत्तांत प्रसिद्ध केला. तो कॅथलिकच राहिला होता हे लक्षात ठेवण्याजोगे आहे. पण त्याचे पुस्तक प्रॉटेस्टंट देशांत हत्यारासारखे फिरले. एकशेवीस वर्षांनी ते क्लॉडियस ब्युकॅनन या स्कॉटिश धर्मोपदेशकाच्या हाती होते. आणि या ब्युकॅननचा रस्ता कावेरीकाठावरून जातो. १८०६मध्ये तो तरंगंबाडीला आला, तंजावरला गेला, सरफोजी राजांना भेटला. राजांच्या वाड्यात त्यांच्या गुरुतुल्य मित्राची, मिशनरी श्वार्ट्झची, तसबीर त्याने पाहिली. या कॅथलिकेतर मंडळ्यांचे त्याला फार कौतुक वाटले. पुढे जानेवारी १८०८मध्ये तो जुन्या गोव्यात पोचला आणि चक्क एका इन्क्विझिटरचा, जोसेफुस आ दोलोरिबुस याचा, पाहुणा म्हणून मठात राहिला. त्याने देलोंचे पुस्तक यजमानापुढे ठेवले. यजमानाने ते वाचून कबूल केले की कोठड्या, छळ आणि समारंभ यांची वर्णने सामान्यतः खरी आहेत. मात्र आमच्या हेतूंविषयी लेखकाने अन्याय केला आहे. ब्युकॅननने मग कोठड्या आणि कैदी दाखवा असा आग्रह धरला. तो मानला गेला नाही.

ब्युकॅननचे पुस्तक १८११मध्ये निघाले, आणि पुढच्याच वर्षी गोव्याचे इन्क्विझिशन संपले. त्याचे धैर्य मी मान्य करतो. पण एक गोष्ट माझ्या मनातून जात नाही. ज्या तंजावरच्या मंडळ्यांचे त्याने कौतुक केले, त्या मंडळ्यांमध्ये जातीजातींच्या बसण्याच्या जागा वेगळ्या होत्या. प्रभुभोजनाच्या पेल्याजवळ कोणी आधी जायचे याचाही क्रम होता. हे पुढे कित्येक वर्षे चालले. बिशप डॅनियल विल्सन यांनी १८३३मध्ये हे ताबडतोब बंद करा असे पत्र काढले तेव्हा अनेक उच्चवर्णीय कुटुंबे मंडळी सोडून गेली. गोव्यातील बंद दारावर ठोठावणे सोपे होते. तंजावरच्या उघड्या मंदिरात जमिनीवर आखलेली न दिसणारी रेघ पाहणे कठीण होते.

आता लूकच्या अकराव्या अध्यायाकडे वळू. प्रभू येथे शास्त्र्यांशी बोलत आहे. तुमच्या वाडवडिलांनी संदेष्ट्यांना मारले आणि तुम्ही त्यांची थडगी बांधता, असा तो आरोप ठेवतो. आपल्याला प्रश्न पडतो, यात चूक ती काय? मारलेल्याचे स्मारक बांधणे म्हणजे पश्चात्तापच नव्हे का? मत्तयाच्या वृत्तांतात (२३:३०) उत्तर दिसते. बांधणारे म्हणत होते, आम्ही त्या काळी असतो तर त्यात सामील झालो नसतो. प्रभू त्यांना सांगतो की याच बोलण्याने तुम्ही त्यांची मुले असल्याचे कबूल करता. 'आमचे वाडवडील' हा शब्द तोंडी येतो, पण दोष मात्र त्यांच्यापाशी ठेवून वारसदार मोकळा होतो. लूक तर पुढे जाऊन म्हणतो की तुम्ही साक्षीदार आहात आणि संमतीही देता. येथे साक्षीदारासाठी आलेला ग्रीक शब्द 'मार्तुस' आहे. पुढील काळात तोच शब्द विश्वासासाठी प्राण देणाऱ्या हुतात्म्यासाठी रूढ झाला. एकाच शब्दाची ही दोन टोके आहेत. कोणी रक्त देऊन साक्षी होतो, कोणी त्या रक्तावर दगड रचून.

आणि पुढच्याच वचनांत प्रभू हाबेलापासून जखऱ्यापर्यंतच्या रक्ताचा हिशेब मागतो. जखऱ्याला कोठे मारले? परमेश्वराच्या मंदिराच्या अंगणात (२ इतिहास २४:२१). परराष्ट्राच्या सैन्याने नव्हे, राजाच्या आज्ञेने स्वतःच्याच लोकांनी. यादीचे शेवटचे नाव पवित्रस्थानाच्या आतले आहे. मेलेल्यांच्या संख्येवरून आज जो वाद चालतो, एक बाजू आकडे फुगविते आणि दुसरी "इतके थोडे तर होते" म्हणून सुटकेचा श्वास टाकते, तो ऐकताना मला हे वचन आठवते. प्रभू माणसे नावाने मोजतो.

ज्या प्रॉटेस्टंट वाचकाला एव्हाना थोडे बरे वाटू लागले असेल त्याच्यासाठी आणखी दोन गोष्टी. १५५३मध्ये जिनेव्हात मायकेल सर्व्हेटस याला पाखंडी म्हणून जाळले ते कॅल्व्हिनच्या नगराने. १९०३मध्ये कॅल्व्हिनच्याच अनुयायांनी तेथे प्रायश्चित्ताचा दगड उभारला, पण त्यावर ती चूक त्या युगाची होती असे लिहिण्याचा मोह त्यांनाही आवरला नाही. आणि १६५८मध्ये पोर्तुगीजांकडून नागपट्टणम् घेणारे डच त्याच वर्षी जाफना घेऊन श्रीलंकेत कॅथलिक उपासनेवर बंदी घालीत होते. त्या बंदीखालच्या कळपासाठी १६८७मध्ये गोव्याचे एक धर्मगुरू वेश पालटून जाफन्यात शिरले. ते जोसेफ वाझ. २०१५मध्ये पोप फ्रान्सिस यांनी त्यांना संत घोषित केले. ज्या गोव्यात 'व्हडलें घर' होते त्याच गोव्याच्या पुत्राला इन्क्विझिशन मानणाऱ्यांनी नव्हे तर इन्क्विझिशनचा तिरस्कार करणाऱ्यांनी लपत फिरायला लावले.

आपल्या भाषेत या विषयाचा पाया घालणारे संशोधक अनंत काकबा प्रियोळकर हे होते. त्यांचा गोवा इन्क्विझिशनवरचा इंग्रजी ग्रंथ १९६१मध्ये, न्यायालयाच्या स्थापनेला चारशे वर्षे झाल्याच्या निमित्ताने, आला. देलों आणि ब्युकॅनन यांचे वृत्तांत त्यांनी त्यात एकत्र दिले. हेच प्रियोळकर फादर स्टीफन्स यांच्या 'ख्रिस्तपुराणा'चे आणि हिंदुस्थानातील मुद्रणाचे अभ्यासक होते. म्हणजे राशोल येथे १६१६मध्ये मराठीत छापले गेलेले ख्रिस्तचरित्र आणि त्याच भूमीवरचा छळ, या दोन्हींकडे पाहण्याइतके त्यांचे मन मोठे होते. प्रियोळकरांचे पुस्तक आपल्या विरुद्ध लिहिलेले आहे असे मानून ते न वाचणारे ख्रिस्ती मला भेटले आहेत, आणि त्यातली पाने केवळ ख्रिस्ती शेजाऱ्यावर फेकण्यासाठी वाचणारेही.

कॅथलिक चर्चने या बाबतीत एक पाऊल टाकले आहे. १९९८मध्ये रोम येथे इन्क्विझिशनवर अभ्यासकांची परिषद बोलावली गेली, जुनी दप्तरे अभ्यासासाठी उघडली गेली. आणि १२ मार्च २००० रोजी पोप जॉन पॉल दुसरे यांनी सेंट पीटर्समध्ये, सत्याच्या सेवेसाठी चर्चच्या लेकरांनी वापरलेल्या असहिष्णू मार्गांबद्दल देवाजवळ क्षमा मागितली. काहींना ते अपुरे वाटले. संस्थेऐवजी 'लेकरांचा' उल्लेख त्यांना खटकला. मलाही तो खटकतो. तरी मी विचारतो, आपल्या प्रॉटेस्टंट मंडळ्यांनी तंजावरच्या त्या वेगळ्या जागांबद्दल, किंवा आपल्या दफनभूमीतील आजच्या वेगळ्या रांगांबद्दल, अशी एक उपासना कधी ठेवली आहे?

मग शेजाऱ्याने विचारले तर काय सांगावे? मी आता एवढेच सांगतो की होय, ते घडले, प्रभूच्या नावाने घडले, आणि ते प्रभूविरुद्ध होते. एवढे म्हणून थांबतो. त्यानंतरचा 'पण' मी गिळतो. शेजाऱ्याला अधिक ऐकायचे असेल तर त्यालाच तो विचारू द्यावा. अशी कबुली दिल्यावर पुष्कळदा तोही आपल्या घरातले काही सांगू लागतो, असा माझा अनुभव आहे. कधी सांगत नाही, तरी चालते.

रोमकरांस पत्राच्या बाराव्या अध्यायातील दोन वचनांवर आमची भाषांतर समिती एकदा दीड दिवस अडली होती. तेराव्या वचनाच्या शेवटी पौल 'दिओको' हे क्रियापद वापरतो, म्हणजे मागे लागणे, पाठलाग करणे. आणि चौदाव्याच्या आरंभी पुन्हा तेच. पहिल्या ठिकाणी आपण अतिथिसत्काराच्या मागे लागावे असे तो सांगतो, दुसऱ्या ठिकाणी जे आपल्या मागे लागतात त्यांना आशीर्वाद द्यावा असे. मराठीत एके ठिकाणी 'तत्पर' आणि दुसरीकडे 'छळ' असे वेगळे शब्द येतात, आणि पौलाच्या कानातला तो प्रतिध्वनी हरवतो. पौल स्वतः मंडळीच्या मागे लागलेला माणूस होता. फिलिप्पैकरांस लिहिताना (३:६, १२) त्याने पूर्वीच्या छळासाठी आणि आताच्या ध्यासासाठी हाच एक शब्द वापरला आहे. जी पावले दाराशी माणसे पकडायला गेली, तीच आता पाहुण्याला घरी आणायला धावत होती. समितीला त्यासाठी एक मराठी शब्द सापडला नाही. तळटीप घालून आम्ही पुढे गेलो.

त्या गावातली ती संध्याकाळ मात्र तळटिपेवर संपली नाही. मी त्या कॅथलिक गृहस्थांना म्हटले, होय, राजा आमचाच होता. आणि आपण सांगितलेत ते बरे केलेत. माझ्या सहकाऱ्यांनी ते तमिळमध्ये सांगितले, या वेळी न थांबता. थोडा वेळ कोणी बोलले नाही. मग आमच्या यजमानांनी चष्मा लावला, भिंतीवरच्या दिनदर्शिकेजवळ अडकवलेली पेन्सिल काढली आणि शेजाऱ्याला त्या धर्मगुरूंचे नाव पुन्हा एकदा, सावकाश उच्चारायला सांगितले. आणि शेजाऱ्याने ते सांगून झाल्यावर विचारले, "तुमच्या राजनायकनला पुरले कोठे?"